न ताणलेल्या पायाची साक्ष

शरीराचा जो भाग आखडला असेल त्यालाच ताण द्यावा, तोच शेकावा, आणि तो सैल होईपर्यंत त्याचाच पिच्छा पुरवावा, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचा प्रसंग सामान्य माणसावर सहसा येत नाही. ज्याला आज सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात त्या भौतिकोपचाराच्या व्यवसायात माझी उभी हयात गेली. आधी एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि नंतर स्वतःच्या लहानशा उपचारकेंद्रात असंख्य सांध्यांचे कोन मी मोजले. आणि या प्रदीर्घ व्यवहारातून जी गोष्ट माझ्या मनावर सर्वांत खोल ठसली ती ही, की आखडलेपणा ज्या ठिकाणी जाणवतो त्या ठिकाणापुरताच तो क्वचित असतो, आणि म्हणून त्याच्यावरचा उपायही पुष्कळदा त्या ठिकाणापासून दूर सुरू करता येतो. एका पायाला ताण दिला असता दुसरा पाय, ज्याला कोणी हात लावलेला नाही, तोही काही अंश अधिक उचलला जातो. पोटऱ्या सैल केल्यावर मान थोडी अधिक वळते. खांद्यांना ताण दिल्यावर जांघेचा सांधा आधीपेक्षा मोकळा होतो. ऐकणाऱ्यास या गोष्टी नवलाच्या वाटतात. मला त्या शरीराच्या एकात्म कारभाराचा पुरावा वाटतात, आणि तो पुरावा कसकसा हाती येत गेला ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्या विभागात एक शिस्त कटाक्षाने पाळली जाई. दुखऱ्या पायाची तपासणी करण्यापूर्वी चांगल्या पायाचे माप घ्यायचे आणि ते नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात भरायचे. कारण लवचीकपणा माणसागणिक निराळा असतो, आणि एखाद्याच्या दुखऱ्या पायाने कोठवर पोहोचावे याचा दाखला त्याचाच चांगला पाय देऊ शकतो. माप घेण्याची रीत साधी असे. रुग्णाला उताणे निजवावे, गुडघा सरळ ठेवून पाय टाचेकडून सावकाश उचलावा, मांडीच्या पाठीमागचा ताण सोसवेनासा झाला की थांबावे, आणि गोनिओमीटर नावाच्या दोन पट्ट्यांच्या कोनमापकाने तो कोन वाचावा. कबड्डीच्या सामन्यात मांडीमागचा स्नायू दुखावलेला एक तरुण खेळाडू काही आठवडे आमच्याकडे येत असे. एके दिवशी उपचार संपल्यावर त्याने सहज म्हटले, की बाई, चांगला पायही आज हलका वाटतो आहे, तोही एकदा मोजता का? मी मोजला, तेव्हा त्याचा कोन उपचारापूर्वीच्या मापापेक्षा सात-आठ अंशांनी अधिक भरला. पट्टी सरकली असेल म्हणून मी ती पुन्हा लावली. मग आधीचा आकडा न सांगता एका सहकारी भगिनीला मोजायला लावले. तिचाही आकडा जवळजवळ तोच आला. त्या दिवसापासून मी नोंदवहीत एक रकाना वाढवला, आणि त्यात उपचार न केलेल्या पायाचे उपचारानंतरचे माप लिहू लागले. पुढे जे दिसत गेले ते थोडक्यात असे: फरक लहान असे, काहींच्या बाबतीत तो मुळीच नसे, परंतु ज्यांच्या बाबतीत तो असे त्यांची संख्या योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी थोडी नव्हती.

याचा उलगडा मी प्रथम शरीररचनेत शोधला, आणि त्या शोधात अर्धे उत्तर मिळाले. मांडीच्या मागचे हे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, आपण ज्या हाडांवर बसतो त्या श्रोणीच्या तळाच्या हाडांपासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन मिळतात. म्हणजे ते दोन सांधे ओलांडतात. ते आखूड असले की माणूस पुढे वाकताना श्रोणीला मागे धरून ठेवतात, आणि वाकण्याचा उरलेला सारा बोजा कंबरेच्या मणक्यांवर पडतो. भातलावणीच्या दिवसांत कंबरेत उसण भरली म्हणून येणाऱ्या बायकांची कंबर मी कितीही शेकली तरी चार दिवसांनी तीच तक्रार घेऊन त्या परत येत. त्यांच्या मांड्यांमागचा आणि पोटऱ्यांचा ताण नियमाने सोडवण्यास आरंभ केल्यावर कंबरेची तक्रार हटू लागली, कारण वाकण्याच्या कामातील आपला वाटा नितंबाचे सांधे आता उचलू लागले होते. हीच गोष्ट वरच्या अंगाची. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्सी हा रुंद स्नायू कंबरेच्या आणि श्रोणीच्या भागातून निघून थेट दंडाच्या हाडाला मिळतो. म्हणून छताला रंग देणाऱ्या एखाद्या कामगाराचा हात डोक्यावर पुरता जात नसेल, तर खांद्याइतकीच चौकशी त्याच्या पाठीची आणि कंबरेचीही करावी लागते.

मज्जातंतूंचे नाते याहून सूक्ष्म, आणि मला विशेष उद्बोधक वाटलेले. एका कचेरीतील मध्यमवयीन कारकून, पायात शीर ओढते अशी तक्रार घेऊन आले होते. त्यांना बाकाच्या कडेला बसवून, पाठ पोक काढल्यासारखी वाकवून, हनुवटी छातीला लावून गुडघा सरळ करावयास सांगितले, तर पाय अर्ध्यावरच अडला. आणि बाकी सर्व काही होते तसेच ठेवून केवळ मान वर उचलावयास सांगितली, तर तोच गुडघा आणखी पुष्कळ सरळ झाला. जेफ्री मेटलंड या ऑस्ट्रेलियन भौतिकोपचारतज्ज्ञांच्या नावाशी जोडली गेलेली ही तपासणी आहे. मज्जारज्जूभोवतीचे आवरण कवटीपासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत अखंड जाते, आणि पायात उतरणारा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू त्याच व्यवस्थेचा भाग असतो. त्यामुळे मानेच्या हालचालीची वार्ता पोटरीपर्यंत पोहोचते. या गृहस्थांना मी पाय ताणण्याचा व्यायाम मुळीच दिला नाही, कारण चिडलेल्या मज्जातंतूला ताणून तो शांत होत नाही. मान आणि घोटा यांच्या मंद, आलटूनपालटून होणाऱ्या हालचाली दिल्या, आणि त्यांचा पाय हळूहळू मोकळा झाला. आखडलेला वाटणारा प्रत्येक पाय आखूड स्नायूचा नसतो, हा धडा मी याच काळात घेतला, आणि पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात तो देत आले.

तरीही कबड्डीपटूच्या चांगल्या पायाचा प्रश्न शिल्लक होता. उजव्या मांडीच्या मागचा स्नायू डाव्या मांडीच्या मागच्या स्नायूला कोठे जोडलेला नाही. तेथे रचनेचे उत्तर अपुरे पडले, आणि विद्यार्थिदशेत केवळ परीक्षेपुरते वाचलेले ग्रंथ मी पुन्हा उघडले. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मज्जासंस्थेच्या एकीकरणाचे कार्य मांडले आहे. एका पायाला इजा झाली असता तो आखडून वर येतो आणि त्याच क्षणी दुसरा पाय सरळ होऊन शरीराचा भार घेतो, हे मज्जारज्जूच्या पातळीवर घडणारे सहकार्य त्यांच्याच संशोधनाने स्पष्ट झाले, आणि १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याहीपूर्वी, १८८५ मध्ये, एर्नो येंद्राशिक या हंगेरियन वैद्याने दाखवून दिले होते की रुग्णाने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढली, तर गुडघ्यावर हातोडी मारताच पाय अधिक जोराने उडतो. १८९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की एका हाताला व्यायाम दिला असता न राबलेल्या दुसऱ्या हाताचीही शक्ती वाढते. या साऱ्या गोष्टी मी पूर्वी पाठ केल्या होत्या. त्यांचा अर्थ मला माझ्या नोंदवहीतील त्या वाढीव रकान्याने शिकवला. हातांची ओढ जर गुडघ्यापर्यंत पोहोचते, तर हातांचे सैलावणेही कोठेतरी पोहोचत असलेच पाहिजे.

यापुढचे पाऊल म्हणजे ताण देण्याने नेमके काय बदलते, या प्रश्नाचे. ताण दिल्याने स्नायू लांब होतो असे आम्ही सर्वजण गृहीत धरून होतो. कोपनहेगन येथील मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आठवडे रोज ताण दिलेल्या पायाच्या हालचालीची कक्षा वाढली खरी, पण त्या स्नायूचा यांत्रिक प्रतिकार बदललेला आढळला नाही; बदलली होती ती त्या माणसाची अधिक ताण सोसण्याची तयारी. हे वाचले तेव्हा माझ्या अनुभवातील कितीतरी सुट्या घटना एका सूत्रात आल्या. पाय उचलताना ज्या ठिकाणी आपण थांबतो ते स्नायूच्या लांबीचे टोक पुष्कळदा नसतेच. येथून पुढे धोका आहे असे मज्जासंस्थेने ठरवलेली ती सीमा असते. जिल्ह्यात एका गावी दंगा झाला की शेजारच्या तालुक्यांतील ठाण्यांनाही बंदोबस्ताचा हुकूम सुटतो, आणि त्या गावी शांतता झाल्याची खबर सदरेला पोहोचली की इतर ठाण्यांचा पहाराही सैल होतो. तद्वतच, एका अवयवाने ताण निर्धोकपणे सोसला ही खबर मेंदूपर्यंत गेली की इतर अवयवांवरची सावधगिरीही काही काळ कमी होते. एका ठिकाणची तीव्र संवेदना दुसऱ्या ठिकाणची वेदना मंद करते, हेही मज्जासंस्थेच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले सत्य आहे, आणि त्याचाही हातभार येथे लागत असावा.

कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील डेव्हिड बेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की खांद्यांना ताण दिला असता नितंबाच्या सांध्याची कक्षा वाढते आणि पायांना ताण दिला असता खांद्याची. त्याच सुमारास जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे यान विल्के यांच्या गटाला आढळले की पोटऱ्या आणि मांड्यांमागचे स्नायू प्रत्येकी अर्ध्या मिनिटाप्रमाणे तीनदा ताणल्यावर मानेची हालचाल वाढते. विल्के यांनी स्नायूंना वेढणाऱ्या आवरणाच्या, म्हणजे फॅशियाच्या, टाचेपासून मस्तकापर्यंतच्या सलगतेकडे बोट दाखवले. बेम यांच्या प्रयोगातील खांदा आणि नितंब यांचे नाते मज्जासंस्थेकडे अधिक झुकते. मला या दोन उपपत्तींत वैर दिसत नाही. रचनेचे धागे आणि मज्जासंस्थेची संमती, या दोहोंचा अंमल एकाच देहावर चालतो.

एका सहलीच्या बसमध्ये पाय अवघडल्यानंतर मान धरली म्हणून आलेल्या एका शिक्षिकेचा प्रसंग मला आठवतो. मानेला स्पर्श केला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मी मान तशीच राहू दिली, त्यांना भिंतीला हात टेकवून उभे केले, एक पाय मागे घेऊन टाच जमिनीवर टेकवावयास सांगितली, आणि दोन्ही पोटऱ्यांना सावकाश ताण दिला. त्यानंतर हनुवटी खांद्याकडे वळवावयास सांगितली तेव्हा ती पूर्वीपेक्षा पुढे गेली. फरक मोठा नव्हता. परंतु मान वळू शकते, हा जो विश्वास त्यांनी गमावला होता तो त्या थोड्या अंशांनी त्यांना परत दिला, आणि त्या विश्वासाच्या बळावर त्यांनी मला मानेवर उपचार करू दिले.

याहून निर्णायक प्रसंग गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या एका वृद्ध बाईंचा. पायाकडे हात नेताच त्या श्वास रोखून दोन्ही मुठी आवळीत, आणि मग गुडघा काही केल्या वाकत नसे. मी त्यांना म्हटले, "मावशी, दुखऱ्या पायाचे राहू द्या; आज चांगल्या पायाचाच व्यायाम करू." चांगला पाय आम्ही सावकाश वाकवला, सरळ केला, मांडीमागे ताण दिला, प्रत्येक ताणाबरोबर दीर्घ श्वास सोडला; मुठी आपोआप उघडल्या. मग मी विचारले, की आता त्या पायाची थोडी चौकशी करू का, आणि त्यांनी स्वतःच होकार दिला. त्या दिवशी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सहज वाकला. त्यानंतर माझ्या कामाचा क्रमच पालटला: ज्या रुग्णाला दुखऱ्या भागाची धास्ती बसली आहे त्याच्या त्या भागाला मी कधीही प्रथम हात लावला नाही. हे तत्त्व योगशिक्षकांना परिचित आहे. जानुशीर्षासनात एकेका पायावर वाकून झाल्यावरच दोन्ही पाय पसरून पश्चिमोत्तानासनाकडे जाण्याचा प्रघात आहे, आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांनी आसनांकडे प्रयोगशाळेच्या दृष्टीने पाहण्याची जी परंपरा घातली ती ज्या प्रांतात रुजली त्याच प्रांतात राहून, अशा क्रमामागचे शरीरशास्त्र समजून घेणे मला माझे कर्तव्य वाटत आले आहे.

परंतु अवयवांचे हे नाते सर्वदा हितकारकच असते असे नाही. अर्धांगवायूच्या रुग्णांनी मला त्याची दुसरी बाजू दाखवली. पक्षाघाताने एक बाजू ताठर झालेला रुग्ण चांगल्या हाताने जोर लावून एखादी वस्तू आवळू लागला, की दुबळ्या हाताची बोटे नकळत अधिकच मिटतात, कोपर वर खेचले जाते. जांभई आली तरी काहींचा लुळा हात आपोआप उचलला जातो. एका रुग्णाचे कुटुंबीय त्याची शक्ती वाढावी म्हणून चांगल्या हातात रबरी चेंडू देऊन तो दिवसभर दाबावयास लावीत, आणि दुबळी मूठ मात्र उघडेनाशी झाली होती. चेंडू काढून घेतला, चांगल्या हाताला जोराऐवजी सैल, मंद हालचाली दिल्या, बसण्याची रीत सुधारली, आणि मग दुबळ्या हाताची बोटे उघडण्याचे काम हाती घेता आले. ज्या वाटेने मोकळीक प्रवास करते त्याच वाटेने ताठरताही प्रवास करते. म्हणून आपण शरीराच्या एका कोपऱ्यात कोणत्या प्रकारचा प्रयत्न मागतो आहोत याचा हिशेब सबंध शरीराच्या नावे ठेवावा लागतो.

मर्यादा आणखीही आहेत, आणि त्या स्पष्टपणे सांगितल्याखेरीज या अनुभवाचे कथन प्रामाणिक ठरणार नाही. कोपराचे हाड मोडल्यानंतर जोरजबरदस्तीने चोळून घेतलेला एक मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या स्नायूत हाड तयार होऊ लागले होते. अशा कोपराला जोराचा ताण देणे घातक, म्हणून दुसऱ्या हाताचे, खांद्याचे, मानेचे व्यायाम आम्ही दिले. त्याची भीती आणि वेदना कमी झाली, परंतु कोपर जेथे हाडाला हाड अडत होते तेथेच अडत राहिले. सावधगिरीने घातलेली सीमा दूरच्या ताणाने मागे सरते. हाडाने घातलेली सीमा सरत नाही. शिवाय दूरच्या ताणाचा परिणाम अल्पजीवी असतो. मॅग्नुसन यांच्या त्याच अभ्यासात तीन आठवडे ज्या पायाला ताण दिला त्याचीच कक्षा वाढली, आणि तुलनेसाठी ठेवलेला दुसरा पाय होता तेथेच राहिला. एका पायाची सेवा करून दुसऱ्याचा कायमचा उद्धार होईल, अशी आशा मी कोणालाही दाखवली नाही. दूरचा ताण थोड्या वेळासाठी दार किलकिले करतो; त्या मुदतीत आत जाऊन प्रत्यक्ष आखडलेल्या सांध्याचे काम करावेच लागते.

तेव्हा जी पद्धत या अनुभवातून माझ्या हाती स्थिरावली ती सांगून हे लिखाण संपवते. तपासणीत प्रथम आखडलेपणाची जात ओळखावी: स्नायू, मज्जातंतू, हाड, की केवळ धास्ती. शरीराचा जो भाग निर्भय आहे तेथून आरंभ करावा, आणि तेथे अर्ध्या मिनिटाच्या आसपास, श्वास न रोखता, ओढ स्पष्ट जाणवेल पण चेहऱ्यावर आठी उमटणार नाही इतपतच ताण धरावा. मुठी, जबडा आणि भुवया यांच्याकडे लक्ष असावे, कारण गुडघ्याच्या मनःस्थितीची बातमी पुष्कळदा तेथे आधी कळते. आणि शरीर सैलावल्याचे दिसताच विलंब न लावता, रुग्णाची परवानगी घेऊन, दुखऱ्या सांध्याकडे वळावे. तरुण सहकाऱ्यांना मी आग्रहाने सांगते की आपल्या टेबलावर गुडघा किंवा खांदा कधीच एकटा येत नाही. येतो तो सबंध माणूस, त्याच्या स्मृतींसह आणि भयासह. त्याला बळाने जिंकण्यापेक्षा त्याच्या देहाचा जो भाग आपल्यावर विश्वास टाकण्यास राजी आहे त्याच्याशी आधी संधान बांधावे; कारण ताणापुढे केवळ नमलेला सांधा दुसऱ्या दिवशी पुन्हा आखडतो, आणि संमती दिलेला सांधा घरी जाऊन स्वतःचा व्यायाम स्वतः करू लागतो.